आईच्या ताटाची डावी बाजू

मंडळी, आज स्वतःचीच लई लाज वाटतेय.

सकाळी आईनं ताटात डावीकडं वाढलेल्या भाजीला हातच लावला नाही, कोरडी भाकरी खात बसली. मी खेकसलो, "नाटकं बास कर आता!"

ती गोंधळून म्हणाली, "आरं, भाजी वाढलीच कुठं?"

उठून जाताना ती दाराच्या डाव्या चौकटीला धडकली, तेव्हा घाबरून तिला उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडलाय. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही."

आता ती अ‍ॅडमिट आहे. मघाशी मी तिच्या डावीकडं उभा राहून माफी मागत होतो आणि ती उजवीकडच्या नर्सला विचारत होती, "माझं पोरगं जेवलं का?"

दुखण्याला नाटक म्हणायची घाई तुम्हीही केलीय का कधी?