सिस्टीम घेत नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि मी फोनवर खोटं बोलत असायचो तेव्हा ती शेजारीच बसून भाजी निवडत असायची. तिलाही ते खरंच वाटत होतं.

आमच्या कुळाची एक वेबसाइट आहे. रत्नागिरीत, राजापुराकडे, मुंबईत, जिथे जिथे आमची माणसं पांगली त्या सगळ्यांची माहिती एका जागी असावी, म्हणून काढलेली. छापील कुलवृत्तांत जुना झाला होता. बँकेतून निवृत्त झालो आणि हे काम मी हौसेने अंगावर घेतलं. या वयात कसं जमलं, असं लोक विचारतात. जमतं. त्यात पान लिहायचं नसतं, रचायचं असतं. मथळ्याचा एक ठोकळा, फोटोचा एक, मजकुराचा एक. मी त्यांना चिरे म्हणायचो. खाणीतून एका मापाचे निघालेले जांभ्याचे चिरे जसे एकावर एक बसवतात, अगदी तसं. मला त्याचा अभिमान होता. आता तो शब्द लिहितानाही अवघडल्यासारखं होतं.

प्रत्येक माणसाची एक नोंद. नाव, वडील, आई, गाव, लग्न कोणाशी. एकदा भरलं की साइट आपोआप मुलाला वडिलांच्या खाली नेऊन बसवते. आणि प्रत्येक नोंदीच्या कोपऱ्यात एक बारीकसा रकाना असतो – मसुदा की प्रसिद्ध? मसुदा असेल तर ती नोंद फक्त मला दिसते, कारण किल्ली माझ्याकडे. प्रसिद्ध केलं की जगाला दिसते. मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या रकान्यात आहे. मग इतकं लांबण का लावतोय मी?

मला एक बहीण होती. शैला. माझ्याहून लहान. तिने जातीबाहेर लग्न केलं, मंडणगडच्या एका एसटी कंडक्टरशी. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं, आणि ते मी पाळलं. पाळलं म्हणणं सौम्य झालं. माझं लग्न ठरताना मी सासरच्यांना सांगितलं की मी एकुलता एक. बँकेतही तेच. बायकोला पुढे कळलं, तिच्या माहेरी कधीच नाही. सासरी, कचेरीत, शेजारीपाजारी – जन्मभर मी एकुलता एक राहिलो.

आबा गेल्यावर शैलाचे फोन येऊ लागले. दुपारी, जेवणं आटोपल्यावर. तिने कधी मागचं काढलं नाही. आंबा कसा आहे, गुडघे काय म्हणतायत, वहिनी कुठे आहे, एवढंच. मग तिच्या कानावर वेबसाइटचं आलं. म्हणाली, "दादा, अरे, मला एकदा आबांच्या खाली माझं नाव बघायचंय. बाकी काही नको."

कोणी अडवलं होतं का मला? नाही. उलट कुळाच्या बैठकीत तात्यांनी – आमच्यातले ते सगळ्यांत वडील – स्पष्ट सांगितलं होतं, "लेकी-सुना सगळ्या घाला रे. कोण कुठे दिली, कोणी कोणाशी केलं, आता कोण बघतो?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुझी ती मंडणगडची, तिचंही घाल."

मी म्हणालो, "तिला नकोय, तात्या."

"बरं बाबा. तिची मर्जी."

आणि शैलाला सांगितलं, "सिस्टीम घेत नाही गो."

कारण साइट सगळ्यांनाच दिसते. मेव्हणे बघतात, बँकेतले जुने सोबती बघतात. आबांच्या खाली दोन नावं दिसली असती आणि कोणीतरी विचारलं असतं, ही कोण? एवढीच भीती होती. त्या भीतीला दुसरं काही मोठं नाव नाही.

नोंद मी केली होती. तिने पाठवलेला फोटोही लावला होता, ती शिकवायची त्या बालवाडीतल्या मुलांमध्ये बसलेली शैला. रकाना तेवढा मसुद्यावर ठेवला. मी साइट उघडली की ती मला आबांच्या खाली, माझ्या शेजारी दिसायची. दुसऱ्या कोणालाही नाही.

तिने विचारायचं सोडलं नाही. पण रागावून नाही – मला मदत करायला म्हणून. फोटो मोठा असेल म्हणून घेत नसेल का? जन्मतारीख चुकली असेल का? एकदा म्हणाली, "बिघडलेलं असेल रे ते तुझं मशीन, आपल्या आबांसारखं हट्टी," आणि हसली. मीही हसलो. हसलो, हे लिहायलाच हवं.

मग एक दिवस म्हणाली, "दादा, आडनावामुळे अडत असेल काय? ह्यांचं नाव काढून बघ. नुसतं माहेरचं लाव. ह्यांना काही वाटायचं नाही, आता नाहीत ते."

ज्या नावापायी तिने घर सोडलं, ते नाव ती माझ्या खोटेपणापायी सोडायला तयार झाली होती. तिथे तरी मी थांबायला हवं होतं ना? मी म्हणालो, बघतो. आणि खरंच ते नाव पुसलं. का पुसलं, मला आजही सांगता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं – तरीही घेत नाही.

"राहू दे मग," ती म्हणाली. "तू डोळे शिणवू नकोस."

शैला गणपतीनंतर गेली. तेराव्याला मंडणगडला जाऊन आलो, आणि घरी आल्यावर तो रकाना बदलला. पुढे तिच्या मुलीचा, मेघनाचा फोन आला. "मामा, आईचं नाव दिसायला लागलं. तुम्ही किती खटपट केलीत, आई सारखी सांगायची." मी ऐकून घेतलं. मग जरा अडखळत ती म्हणाली, "बाबांचं नाव नाही दिसत मात्र. ते सिस्टीम घेत नाही का?"

मी म्हणालो, "बघतो, काय अडचण आहे ती."

तात्या, शैलाने कधी नको म्हटलं नव्हतं. मेघना, अडचण कधीच नव्हती. तुला फोन करून सांगायला हवं होतं, ते धाडस झालं नाही. म्हणून हा मजकूर इथे, शैलाच्या पानावर, तिच्या फोटोखाली लावतो आहे. कुळातल्या सगळ्यांना दिसेल. ज्यांना मी एकुलता एक म्हणून माहीत आहे त्यांनाही दिसेल.

तुझ्या बाबांचं नाव आत्ता त्यांच्या रकान्यात लिहिलं. बटण दाबलं. लगेच घेतलं.