लिंबं, नारळ आणि नवा टायर

१८ ऑक्टोबर, शनिवार. काम एवढंच होतं: उद्या सावंतवाडीला आईकडे निघण्याआधी माझ्या नव्या स्पोर्ट्स कारचं ऑइल बघायचं. या गाडीला ऑइल मोजायची पट्टी नाही. इंजिन गरम करून गाडी सपाट जागी उभी केली की पातळी स्क्रीनवर दिसते. त्यासाठी परळमध्येच एक फेरी मारणार होते.

शेजारचे काका आडवे आले. "ताई, पूजा केल्याशिवाय गाडी हलवायची नाय हां!"

सोसायटीच्या लाद्या फुटू नयेत म्हणून नारळ फोडायला त्यांनी तुटक्या कडप्प्याचा तुकडा आणला. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, कडप्पा तिथेच राहिला.

"आता घे पुढे!"

मी घेतली. लिंबं चिरडली आणि कडप्प्याच्या धारेवर पुढच्या टायरची बाजू फाटली.

या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चरच्या किटने बाजूची चीर बुजत नाही. लालबागच्या टायरवाल्याने फोनवर माप ऐकलं आणि म्हणाला, "मागवावा लागेल. चार दिवस धरा."

"नारळ फोडला म्हणून टायरवर निभावलं," काका म्हणाले. मी कडप्पा उचलून त्यांच्या हातात दिला. ऑइल बघायचं राहिलंच.

आईला फोन केला. लेकीच्या गाडीतून देवळात जायचं म्हणून तिने साडी इस्त्री करून ठेवली होती.

"गाडी नाही, तर तूपण नाहीस?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परळच्या डेपोतून एसटी पकडली.