घाटाखाली समुद्र खवळला

आमचे बाबा लाइनमन होते. वारा सुटला की कुठल्या शिवारात तार तुटेल, हे ते दारात उभे राहून सांगायचे आणि सांगून होईपर्यंत गावची लाइट जायची. निवृत्त झाल्यावर खांबावर चढणं बंद झालं, पण आभाळाकडे बघायची खोड काही गेली नाही. रोज सकाळी देऊळघाटच्या घराच्या ओट्यावर बसून ते मोबाइलवरचा अंदाज वाचायचे, टीव्हीवरचा ऐकायचे, त्यात स्वतःच्या गुडघ्याचं मत मिळवायचे आणि तिघी लेकींना आवाजी निरोप पाठवायचे.

आम्ही तिघी नेमक्या तीन हवामानांत दिलेल्या. मी थोरली, बुलढाण्यात, म्हणजे घाटावर. मधली मोताळ्याकडे, घाटाखाली. धाकटी थेट रत्नागिरीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे बाबांच्या निरोपाचे तीन भाग असायचे: डोंगर, खोरं आणि किनारपट्टी. एरवी घरात अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस मोबाइल तोंडापुढे धरला की एकदम आकाशवाणी व्हायचा. “डोंगराळ भागात हवामान अंशतः ढगाळ राहील,” असं घसा खाकरून सांगायचे आणि शेवटी न राहवून म्हणायचे, “तुही आई बरी हाय. कपडे वाळू घालून राह्यली.”

तक्रार मधलीच्या सासूबाईंनी केली. त्या रोज सकाळी चहा पिता पिता सुनेच्या मोबाइलवर हा निरोप ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, “तुह्या बापाले सांग, मले माह्या गल्लीचं सांगा. समुद्राचं मी काय करू?”

बाबांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिघींना वेगवेगळे निरोप पाठवायला सुरुवात केली. आठ दिवस सुरळीत गेले.

मे महिना संपत आला होता. मधलीच्या सासरी कुरड्यांचा घाट घातलेला. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून चीक तयार होता. पहाटे तो शिजवायचा आणि गच्चीवर कुरड्या घालायच्या, असं ठरलेलं. मदतीला गल्लीतल्या चारपाच बायका आल्या होत्या. शेजारच्या चाचींनीही आपल्या शेवया त्याच गच्चीवर पसरल्या होत्या. चूल पेटली आणि मोबाइल वाजला. मधली आंघोळीला गेली होती, म्हणून सासूबाईंनीच निरोप लावला.

“पुढील काही तासांत,” बाबा गंभीर आवाजात म्हणाले, “मुसळधार पावसाची शक्यता. वारे अतिशय वेगाने...”

सासूबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. मोबाइल तिथेच टाकून ओरडल्या, “ओ बाई, पाणी येऊन राह्यलं! उचला!”

चूल विझली. शेवया गोळा झाल्या. शेजारच्या गच्चीवरचे पापड खाली आले, समोरच्यांच्या वड्या आत गेल्या, कोणी जळण झाकलं, कोणी म्हैस आत बांधली. मदतीच्या बायका आपापलं आवरायला पळाल्या. मधली ओल्या केसांनी बाहेर आली, तर सगळी गल्ली दारंखिडक्या लावून पावसाची वाट पाहत होती. आभाळात औषधालाही ढग नव्हता. तिने मोबाइल उचलला आणि उरलेला निरोप ऐकला.

“...समुद्र खवळलेला राहील. मच्छीमार बांधवांनी होड्या पाण्यात घालू नयेत.”

चाची दारात आल्या होत्या. त्यांनी ऊन पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि विचारलं, “समंदर मोताळे में कब आया, बाई?”

तिकडे धाकटीला मधलीचा निरोप गेला होता: कडक ऊन राहील, दुपारी वावरात जाऊ नका, जनावरं सावलीत बांधा. तिच्याकडे वावरही नव्हतं आणि जनावरंही. पण कडक ऊन म्हटल्यावर तिने आंब्याची साठं ताटात घालून अंगणात मांडली. तासाभरात साठं पावसाच्या पाण्यात पोहू लागली.

मदतीच्या बायका पुन्हा जमल्या नाहीत. त्या दिवशी गावात लग्न होतं. चीक अजून एक दिवस राहिला. त्या उन्हात तो असा आंबला, की मधली फोनवर बोलताना नाक दाबून बोलते आहे हे मला इकडे कळत होतं.

“सासूबाई म्हणतात, इवायले म्हणा, इथं या आन हा चीक पिऊन दाखवा.”

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “चाल. जाऊन येऊ.”

“चीक प्याले?”

“माफी मांगाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही घाट उतरलो. बाबांनी पांढरा इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वाटभर ओठ हलवत माफीचं पाठांतर चाललं होतं. दारात पोचल्याबरोबर त्यांनी हात जोडले. “इहीणबाई, तांत्रिक कारणामुळे जो व्यत्यय...”

“आधी वर चाला,” मधलीच्या सासूबाई, म्हणजे बाबांच्या इहीणबाई, म्हणाल्या.

गच्चीवर प्लॅस्टिक अंथरलेलं होतं आणि भलं मोठं पातेलं वाफाळत होतं. इहीणबाईंनी बाबांच्या हातात सोऱ्या दिला. “दाबा.”

माझ्या वडिलांनी जन्मात कधी पोळीही लाटली नव्हती. पण तारा ओढून ओढून दंड लोखंडाचे झालेले. पहिली कुरडई नकाशासारखी पडली, दुसरी जिलबीसारखी. दहाव्या कुरडईनंतर त्यांना असा काही सूर सापडला, की चाचीसुद्धा पाहायला आल्या. उन्हं डोक्यावर यायच्या आत गच्ची भरली. बाबांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं.

दुपारी घाटाच्या बाजूने काळा ढग वर आला. इहीणबाईंनी विचारलं, “इवाईबुवा, पाणी येते का?”

“मी ते काम सोडलं.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? तुमचा चीक आंबला ना.”

“चीक गेला खड्ड्यात. सांगा ना, येते का?”

बाबांनी आभाळ पाहिलं, गुडघा चोळला, ओलं बोट वाऱ्यात धरलं. “पाणी नाही. पण वावधन येते. मोठं येते.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वादळी वारा गच्चीवर थडकला. डोळ्यांत माती, पदर तोंडावर, पातेल्याचं झाकण घरंगळत शेजारी. प्लॅस्टिकचं एक टोक फडफडत वर उठलं आणि ओल्या कुरड्या निघाल्या चाचींकडे. आम्ही तिघीचौघी नुसत्या ओरडत होतो. बाबांनी पळत जाऊन त्या प्लॅस्टिकवर सपशेल पालथं अंग टाकलं.

वारा गेला. पावसाचे चार थेंब पडले, पाचवा नाही. बाबा हळूहळू उठले. इस्त्रीच्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत आठ कुरड्या अगदी ओळीत चिकटल्या होत्या. नववी दाढीला.

इहीणबाई आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग भिंतीला टेकल्या, मग खालीच बसल्या. “हलू नका, इवाई! असेच उन्हात उभे राहा. वाळल्यावर काढू!”

आणि बाबा खरंच थोडा वेळ हात पसरून उभे राहिले.

त्या वर्षीच्या कुरड्या आंबट झाल्या. तळल्यावर मात्र अशा काही लागल्या, की गल्लीतल्या बायका कृती विचारत राहिल्या आणि इहीणबाईंनी ती कोणालाही सांगितली नाही. त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि बाबा व आम्हा तिघींच्या ग्रुपमध्ये शिरल्या. आता सकाळी बाबांच्या आधी त्यांचाच निरोप आमच्या ग्रुपवर येतो: “आमच्या गच्चीवर ऊन हाय. बाकीच्यांनी आपापलं पाहा.”