मंडईतल्या दीर्घिका

मी आज जो काही आहे तो आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे, आणि गावात बसून साऱ्या विश्वाचा कारभार पाहणारा असा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कामठ्याकडच्या आमच्या शाळेत दुर्बीण नव्हती, पण त्यामुळे सरांचं काही अडलं नाही. वरणभात कालवताना त्यांना आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका फिरताना दिसत. कोणाकडे जेवायला बोलावलं की वरण गार होईपर्यंत ते ताटात बोट फिरवत बसत, आणि वाढणारी काकू घाबरून विचारी, "सर, मीठ कमी पडलं का?"

त्यांचा लाडका विषय म्हणजे दोन दीर्घिकांची टक्कर, आणि त्याचा वर्ग भरायचा मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, पाहुणे येतात आणि सोयरिकी तिथेच जुळतात. गर्दीच्या मधोमध आम्हाला उभं करून सर म्हणत, "पाहा रे, दोन गावं एकमेकांत शिरून राहिली. कोणी कोणाले धडकते का? तारेही धडकत नाहीत, मधात जागा लय. पण वायू दाबला जाते, अन् नवे तारे भराभर जन्मतात. हे बिनलग्नाचे पोरं म्हणजे वायू. नुसत्या म्हाताऱ्यांची मंडई भरवा, एक सोयरीक जुळनार नाही." शेजारचा एखादा म्हातारा दुखावला जाई; मग सर त्याला भजी खाऊ घालत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मात्र मीच वायू ठरलो. मला एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं होतं. घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि बाबांनी एका मुलीच्या वडिलांना मंडईत बोलावून ठेवलं होतं. लग्न ठरलं की शिक्षण संपलं, हे सरांनाही ठाऊक होतं. ते न बोलावता आले आणि दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले.

"पोरगा काय करते?" पाहुण्यांनी विचारलं.

"सध्या थंड होऊन राहिला," सर म्हणाले. "नुसतं दाबून भागत नाही, पाव्हणे. वायू तापलेला असला तं तारा बनत नाही. दोन वर्षं तरी लागतील."

पाहुण्यांनी बाबांकडे पाहिलं. "तब्येत बरी नाही का हो पोराची?" आणि अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले.

बाबा कित्येक दिवस सरांशी बोलले नाहीत. पण आईने लग्नाचं काढलं की चिडून म्हणत, "मास्तर म्हणते दोन वर्षं. होऊ दे थंड." पुढच्या पावसाळ्यात माझी पेटी त्यांनीच गोंदिया स्टेशनवर आणली.

संशोधनाला लागल्यावर सरांना मी लिहिलं:

"आदरणीय सर, सविनय जय भीम. दीर्घिका भिडतात तेव्हा थोडा वायू शेपटीसारखा दूर बाहेर फेकला जातो. तो वाया गेला असं मला वाटे. इथे येऊन कळलं, त्या शेपटीतही तारे जन्मतात. वसतिगृहातल्या पहिल्या वर्षी हे माहीत असतं तर बरं झालं असतं. यंदाही मंडईला येणं जमणार नाही. बाबांना जवळ बसवून त्या शेपटीतल्या ताऱ्यांचं तुम्हीच सांगा. मी सांगायला गेलो की ते 'बरं' म्हणतात आणि फोन आईकडे देतात."