तुटायची जागा

रशीदचाचांच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी हात दाखवावे लागत. काय पाहिजे, किती पाहिजे, ते नंतर. चाचा गल्ल्यामागून वाकून तुमचे दोन्ही पंजे स्वतःकडे ओढत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटं मोजत आणि मगच म्हणत, "हं, बोल." नवख्याला वाटायचं, म्हातारा भविष्य सांगतोय. इंदापूरच्या बाजारपेठेतलं ते दुकान पुढून दिसायला दावी, कासरे आणि ताडपत्र्यांचं. मागच्या अंगाला मात्र जाळी, गळ, शिशाचे गोळे आणि तंगुसाची, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याची रिळं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणारे सगळे तिथंच यायचे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची बोटं मोजली, त्या चाचांच्या डाव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो घाबरलेलाच. मी अंथुर्ण्याचा, बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात नोकरीला. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा सुटला, तेव्हापासून पाणी आणि मी एकमेकांना टाळून आहोत. माझा बालमित्र प्रकाश नेमका उलट. तो लोणी देवकरला फिटर. सुट्टीचा प्रत्येक दिवस उजनीवर. त्यानं परस्पर ठरवून टाकलं की मालवणकडच्या एका होडीबरोबर तीन दिवस समुद्रात जायचं, किनारा दिसेनासा होतो तिथं, आणि पाण्याखालच्या खडकावरचे मासे धरायचे. माझं नावही त्यानंच देऊन टाकलं. मला नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि जायचीही नव्हती. महिनाभर घास गोड लागला नाही. बायको म्हणाली, भीती वाटते तर जाऊ नका. तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की मग जाणं भागच पडलं.

सामानाची यादी घेऊन आम्ही दोघं चाचांसमोर उभे राहिलो. बोटं मोजून झाल्यावर त्यांनी प्रकाशला विचारलं, भ्या वाटतंय का? प्रकाश हसला. उजनीत वाढलेल्या माणसाला कसलं भ्या, म्हणाला.

"मग गळ संपल्यात," चाचा म्हणाले. त्यांच्या डोक्यामागं गळांच्या माळा लोंबत होत्या.

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, लई वाटतंय. इतकं खरं मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन. चाचांनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला. न भिणाऱ्याला ते माल देत नसत, हे मला नंतर कळलं. आमचं दोघांचं सामान माझ्याच हाती द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि प्रकाश दारात टोपी फिरवत उभा राहिला.

पण ते सामान घ्यायला मला तीन खेपा झाल्या. "परत यायचं सामान आधी, माशाचं मागनं," हा चाचांचा शिरस्ता. लाइफ जॅकेट मला दुकानातच घालायला लावलं आणि दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघितलं, डोक्यातून निघतंय का म्हणून. प्रकाशला निळं हवं होतं. पाण्यात निळा माणूस दिसत न्हाय, म्हणून चाचांनी नारिंगीच दिलं आणि दोन्ही जॅकेटांना एकेक शिट्टी बांधली. रबरी हातमोजे, उलटीच्या गोळ्या, गळांची टोकं खुपसून ठेवायला बुचं. रॉड आणि रिळाची पाळी तिसऱ्या खेपेला आली. या सगळ्यानं माझा धीर वाढेल अशी माझी समजूत होती. उलट प्रत्येक वस्तूबरोबर मरायची एकेक नवीन तऱ्हा कळत गेली.

शेवटी त्यांनी एक आखूड सुरी काढली. टोक त्यांनी स्वतः दगडावर घासून बोथट केलेलं. भेदरलेला माणूस आधी स्वतःलाच भोसकतो, असं त्यांचं म्हणणं. ती माझ्या गळ्यात अडकवली, खांबाला बांधलेला तंगूस माझ्या मनगटाला गुंडाळला आणि डोळे मिटायला सांगितले. मग तंगूस ओढून म्हणाले, काप. मला सुरीच सापडेना. दावं घ्यायला आलेली दोन माणसं पोट धरून हसत होती. चाचा हसले नाहीत. त्यांनी मला पुन्हा गुंडाळलं, पुन्हा ओढलं. मी डोळे का मिटायचे विचारलं तर म्हणाले, "येळ आली की डोळं काम करत न्हाईत. हाताला ठावं पायजे." दहाव्या-बाराव्या वेळी हात आपोआप गळ्याशी गेला. प्रकाशलाही त्यांनी सुरी देऊ केली होती. ती त्यानं परत ठेवली.

तंगूस निवडताना प्रकाशनं सगळ्यात जाड, कधीच तुटणार नाही असा मागितला. चाचांनी तो दिला, पण टोकाला, गळ आणि शिशाच्या आधी, हातभर लांबीचा एक बारीक दोरा जोडला. त्याला ते 'कच्ची' म्हणत. खडकात काहीही अडकलं तरी आधी कच्ची तुटावी. प्रकाश म्हणाला, एवढा दणकट तंगूस घ्यायचा आणि शेवटी शिवणाचा दोरा लावायचा? तेव्हा चाचांनी डावा हात पुढं केला.

"तरणा हुतो. पाण्यात टायरच्या ट्यूबवर बसून तंगूस बोटाला गुंडाळायचो, डुलकी लागली तरी मासा कळावा म्हणून. मासा हुता का मशीनच्या होडीचा पंखा, आजपतुर ठावं न्हाय. खाली गेलो. सुरी पिशवीत आन् पिशवी ट्यूबला. तंगूस लई चांगला हुता, तुटंना. मग बोट तुटलं, तवा वर आलो." मग हात मागं घेत म्हणाले, "कायतरी तुटणारच अस्तंय. तुटायची जागा आपण ठरवायची, न्हायतर पाणी ठरिवतं."

किनारा दिसेनासा झाला तेव्हा मी होडीच्या मधोमध बसून होतो, आणि जवळजवळ तीन दिवस तिथंच बसलो. खाली किती पाणी आहे हे होडी चालवणाऱ्या तांडेलाला विचारायची चूक मी पहिल्याच तासात केली. प्रकाश मजेत होता. त्याला तांबोशी मिळाली, एक मोठा हेकरू मिळाला. फक्त शिशाचे दोन गोळे खडकात अडकले आणि दोन्ही वेळा कच्ची तुटली. तिसऱ्यांदा त्यानं कच्ची लावलीच नाही. गळ आणि शिसं थेट जाड तंगुसाला बांधलं. मला ते दिसत होतं. मी बोललो नाही. भित्र्याचं कोण ऐकतो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला. तांडेलानं दोऱ्या ओढून घ्यायला सांगितलं. प्रकाशनं रॉड बाजूला ठेवला होता आणि उजनीच्या सवयीनं तंगूस तळव्याला दोन वेढे देऊन हातात धरला होता. हातमोजे ओले झाले म्हणून काढलेले. गळ खाली खडकात रुतला होता. लाट आली, होडी वर उचलली गेली आणि बाजूला सरकली. प्रकाश वाकलेला दिसला. मला वाटलं, खाली बघतोय. मग त्याचा खांदा काठाबाहेर गेला, छाती काठावर दाबली गेली, आणि तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "दत्ता."

त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. मी कसा उठलो ते सांगता येणार नाही. पुढची लाट येताना दिसली आणि मी डोळे मिटले, धाडस म्हणून नव्हे, बघवेना म्हणून. हात गळ्याशी गेला, दुसरा हात प्रकाशच्या दंडावरून खाली ताणलेल्या तंगुसापर्यंत गेला, आणि मी कापलं. आम्ही दोघं होडीत मागं कोसळलो. प्रकाशच्या तळव्यात दोन खोल चरे पडले होते, पण बोटं होती. बाकीची सफर तोही माझ्या शेजारी, मधोमध बसून होता.

परतल्यावर आधी इंदापूर गाठलं. शेजारचा दुकानदार म्हणाला, तुम्ही गेल्यापासून म्हाताऱ्यानं दुकान उघडलं नव्हतं, आज सकाळी उघडलंय. चाचांनी माशांचं काही विचारलं नाही. माझे हात ओढले, मोजले. मग प्रकाशचे. जखमेची पट्टी उचलून त्यांनी ते दोन चरे बराच वेळ पाहिले. कच्ची का नव्हती, हे विचारलं नाही. शेवटी पट्टी नीट बसवत म्हणाले, "आता तुला गळ मिळंल."

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बारामतीतच दवाखाना होता, म्हणून ड्यूटीला जायच्या आधी मी गेलो. त्यांची मुलगी शबाना कागदांवर सह्या करत होती. हिरव्या चादरीखाली चाचा एवढेसे दिसत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "दत्ता, भ्या वाटतंय."

सगळे म्हणतात तसं, काही होत नाही चाचा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळलं. त्यांचे दोन्ही हात माझ्याकडे ओढून घेतले आणि अंगठ्यापासून एकेक बोट मोठ्यानं मोजलं.

"नऊ," मी म्हणालो.

"नऊच?"

"नऊच, चाचा."

"बरं झालं, धा न्हाय म्हणालास," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मग त्यांना आत नेलं.

मी ड्यूटीला गेलोच नाही. दुपारी शबाना बाहेर आली आणि म्हणाली, "अब्बा गेले." मी बाकावर माझीच बोटं मोजत बसलो होतो. दहा भरत होती, तरी परत परत मोजत होतो.