एल्डनचं शेवटचं विमान

ल्युएला प्रोखास्काने तीस वर्षं तारेचं दुसरं टोक धरलं. फोमच्या जाड ठोकळ्यातून विमानाचा पंख कापायचा तर तापलेली तार दोघांनी दोन बाजूंनी ओढावी लागते. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना प्लायवूडचे साचे ठोकलेले असतात, साच्यांवर आकडे असतात, आणि दोघांनी एका वेळी एकाच आकड्यावर असावं लागतं. आकडे मोजायचा तिचा नवरा एल्डन. "चार... पाच... अगं, पाच म्हणालो ना? तू सहावर कशी जाऊन बसलीस?" पंख वाकडा निघाला की ल्युएलाची घाई नडली, आणि सरळ निघाला की वा, एल्डनचा हात म्हणजे हात! प्रोखास्कांच्या तळघरातला हा कायदा होता आणि तिनेही तो कधी मोडला नाही.

एल्डन वाईट माणूस नव्हता. टर्की फोर्क गावच्या धान्य कोठारात त्याने जन्म काढला, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. शनिवारी तो आपली रिमोटवर उडणारी भलीमोठी विमानं घेऊन क्लबच्या मैदानावर जायचा आणि ती चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं आणि सिनॅमन रोल घेऊन मागोमाग. सगळी विमानं लढाऊ. दुसरं काही त्याला विमान वाटतच नसे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बर्फ ओढताना तो फावड्यावरच कोसळला.

आठवड्याभरात क्लबचा अध्यक्ष रॉयस हाडेनफेल्ट पिकअप घेऊन दारात हजर. तळघरातला फोम, मोटारी, साचे, सगळं क्लबला न्यावं, म्हणजे बाईची अडगळ कमी होईल, असा त्याचा परोपकारी बेत होता.

"फोम राहू दे," ल्युएला म्हणाली. "मला लागणार आहे."

"तुला? काय करणार त्याचं, सोफ्याच्या गाद्या?"

"विमान करणार आहे."

रॉयस हसला, मग तिच्या दुःखाची आठवण येऊन गंभीर झाला. "कर, कर. मन रमेल," असं म्हणून तो फक्त लढाऊ विमानं घेऊन गेला.

तिला करायचं होतं पिकांवरच्या फवारणीचं विमान. पिवळं, बुटक्या नाकाचं, लांब पंखांचं. नऊ वर्षांची असल्यापासून ती काकाच्या विमानासाठी मक्याच्या शेताच्या टोकाला झेंडा धरून उभी राहायची. काका झेंडा बघून ओळ पकडायचा, डोक्यावरून घोंघावत जायचा आणि ती औषधात न्हाऊन निघायची. मग पंधरा पावलं सरकायचं आणि पुन्हा झेंडा. सहा उन्हाळे ती तशी उभी राहिली. एकदा तरी वर ने म्हणून किती विनवण्या केल्या, पण काकाचं उत्तर ठरलेलं, "तू वर आलीस तर खाली झेंडा कोण धरणार?"

नवशिक्याने करायच्या सगळ्या चुका तिने मन लावून केल्या. पहिल्याच दिवशी डब्यातला भलताच गोंद फवारला आणि तिच्या डोळ्यांदेखत शेपटी तव्यावरच्या लोण्यासारखी विरघळली. फोमला चालणारा गोंद वेगळा असतो, हे तीस वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. दुसरं टोक धरायला माणूस नाही म्हणून तिने तारेला दोरी बांधली, दोरी कप्पीवरून नेऊन तिला पाण्याचा डबा टांगला आणि डब्याच्या वजनाने तार सरकवली. पहिला पंख वाकडा, दुसराही वाकडा. दोष द्यायला कुणी नव्हतं, तेव्हा तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि तिला फार बरं वाटलं. तिसरा पंख सुरीच्या पात्यासारखा सरळ निघाला. त्या दिवशी ती तळघराच्या पायरीवर बसून मोठ्याने रडली. एल्डन गेला तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती, आणि याची तिला लाजही वाटली नाही.

पुढे विमानाचं धड तयार झालं तेव्हा कळलं की ते तळघराच्या दारातून बाहेर निघत नाही. तिने करवत घेऊन त्याचे दोन तुकडे केले, ते गॅरेजमध्ये नेले आणि पुन्हा जोडले. असं करता करता सव्वा वर्ष गेलं. दहा फुटांचे पंख, पिवळा रंग. मधल्या काळात एक छोटं विमान आणून ती मैदानावर कुणी नसताना उडवायला शिकली. साठ वेळा पाडलं, एकसष्टाव्यांदा नीट उतरवलं.

तिला आता एकच गोष्ट हवी होती. मे महिन्यातल्या क्लबच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणावं, हे ल्युएलाचं विमान. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदा. यात जास्त काय मागितलं?

मेळाव्याला शंभरेक माणसं जमली. क्लबची रीत अशी की नवशिक्याचं मोठं विमान पहिल्यांदा जुन्या जाणत्यानेच उडवायचं. ल्युएलाला ती मान्य होती. तिने बॅटरी तिच्या जागी पट्ट्याने आवळली. विमान दोन बोटांवर तोलून ती जागा तिने ठरवली होती आणि तिथे पेन्सिलीची रेघ ओढली होती. नाक जड असलं तर विमान रडतखडत उडतं, शेपूट जड झालं तर एकदाच उडतं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तिने रिमोट रॉयसच्या हातात दिला आणि त्याने लाउडस्पीकरचा माइक उचलला.

"मित्रांनो, आज आपण एल्डनचं शेवटचं विमान उडवतोय! बिचारा अर्धवट टाकून गेला. आपल्या ल्युएलाने चिकटवाचिकटव करून ते पुरं केलं. शाबास, ल्युएला!"

टाळ्या पडल्या. ल्युएला पुढे झाली. "रॉयस, तुला फोनवर तीनदा सांगितलं. हे एल्डनचं नाही. त्याने जन्मात कधी फवारणीचं विमान केलं होतं का? हे मी..."

"अगं हो, हो," माइकवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "पण लोकांना बरं वाटतंय ना? वाटू दे की."

विमान उडालं, आणि काय उडालं! रॉयसने सहा फेऱ्या मारल्या, जमिनीलगत फवारणीचा सूर मारून दाखवला. पुरुषांनी टोप्या काढल्या. रॉयसची बायको डोर्ला डोळे पुसत म्हणाली, "एल्डनच उडतोय बघा वरती." मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! जो तो एल्डनच्या हाताचे गोडवे गात होता, आणि ज्या हातांवर तारेच्या चटक्यांचे फोड होते ते हात कोटाच्या खिशात होते.

विमान अलगद उतरलं. ल्युएलाने हात पुढे केला. "आता मी उडवते."

"कशाला उगीच? सुखरूप आलंय. क्लबमध्ये छताला टांगू, खाली एल्डनच्या नावाची पाटी लावू. मी बोललोय सगळ्यांशी."

"माझ्याशी बोललास?"

"ल्युएला, अगं, लोक बघतायत."

"बघू देत. दे इकडे."

त्याने रिमोट दिला. विमान धावपट्टीवरून सुटलं, सरळ वर चढलं आणि तिच्या छातीत सहा उन्हाळे झेंडा धरलेली ती मुलगी वर चढली. जाताना ठीक गेलं, पहिलं वळणही ठीक. दुसऱ्या वळणावर मात्र शेपटी खाली बसली, नाक आभाळाकडे गेलं आणि विमान जागच्या जागी गरगरायला लागलं. तिने शिकलेलं सगळं करून पाहिलं. पिवळं विमान नुकत्याच पेरलेल्या शेतात नाकावर पडलं आणि त्याचा चुरा झाला.

ती चालत गेली, रॉयस मागोमाग. ती चिखलात गुडघ्यांवर बसली आणि तुकडे बाजूला करायला लागली. धडाचा मधला भाग शाबूत होता. त्यात पेन्सिलीची रेघ होती आणि बॅटरीचा पट्टा रेघेच्या दोन बोटं मागे आवळलेला होता.

"हे कुणी सरकवलं?"

"मीच, उडवण्याआधी," रॉयस म्हणाला. "नाक फार जड वाटलं मला. एल्डनला असंच मोकळं आवडायचं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय कळणार होतं त्यातलं? आणि माझ्या हातात उडालंच ना नीट?" मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरीखुरी माया होती, त्याचीच तर चीड येत होती. "अगं, होतं असं. पहिल्या विमानाचं हेच होतं. सगळेच पाडतात आपलं पहिलं."

उडालं तेव्हा एल्डनचं, पडलं तेव्हा तिचं! तिला त्याच्या तोंडावर तो चिखल फेकावासा वाटला. फेकला असता तर बरं झालं असतं. पण मैदानाच्या कडेला शंभर माणसं माना हलवत उभी होती आणि बिचाऱ्या बाईला झेपलं नाही हे त्यांचं आधीच ठरून गेलं होतं. पट्टा दाखवायला ती कुणाकुणाकडे जाणार होती?

तिने तुकडे पिकअपमध्ये भरले. डोर्ला लगबगीने आली, फॉइलमध्ये गुंडाळलेला सिनॅमन रोल तिच्या हातात कोंबला आणि तिला मिठी मारली.

"ते विमान माझं होतं, डोर्ला," ल्युएला म्हणाली.

"माहीत आहे गं मला," डोर्ला तिची पाठ थोपटत म्हणाली. "नको मनाला लावून घेऊस. एल्डन तुला माफ करेल."

ल्युएलाने थँक्यू म्हटलं आणि गाडी सुरू केली.