बुहैरा-चारचा गोतावळा

डॉक्टर वगदी शिन्नावी रबाबला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे, कमरेत वाकलेले आणि डोकं इनक्युबेटरच्या कपाटात खुपसलेले. दिसले म्हणजे काय, त्यांच्याखेरीज त्या खोलीत दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्यांची मागची बाजू दारापासून खिडकीपर्यंत पसरली होती. तिच्यावरून अलेक्झांड्रियाच्या ट्रामचे येण्याचे आणि जाण्याचे दोन्ही रूळ टाकले असते, तरी मध्ये थांब्यापुरती जागा उरली असती. कपाटाच्या आतून आवाज येत होता, "खा, खा. लाजू नका. परक्याचं घर समजू नका." आत कुणाचं तरी मूल कोंडलंय अशी रबाबची खात्री पटली. तिने घाबरून "डॉक्टर!" अशी हाक मारली. डॉक्टरांनी दचकून डोकं वर केलं ते थेट कपाटाच्या फळीवर आपटलं, आणि तो आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप झाला म्हणून जिन्याने रस्त्यावर धावले. निदान डॉक्टर तरी पुढे आयुष्यभर तसंच सांगत.

"कुठली तू?" डोकं चोळत त्यांनी विचारलं.

"दमनहूरची. जागेसाठी आलेय. मुलाखत आहे ना आज?"

"जेवलीस?"

"हो."

"खोटं बोलतेस. दमनहूरची माणसं जेवली की चेहऱ्यावर दिसतं."

मग मुलाखत झाली ती कोपऱ्यावरच्या गाडीसमोर उभ्याने, कलेजीचं सँडविच खात. डॉक्टरांनी एकच शास्त्रीय प्रश्न विचारला, "मिरची चालते का?" रबाबला नोकरी लागली.

डॉक्टर पेशींचे अभ्यासक होते. अभ्यासक हा शब्द कोरडा झाला. ते पेशींचे यजमान होते. डेल्टातल्या कालव्यांत पाय बुडवून शेती करणाऱ्यांना बिल्हार्झियाचा किडा धरतो, आणि पुढे कित्येकांना मूत्राशयाचा कर्करोग होतो. या गाठीतल्या पेशी शरीराबाहेर बाटलीत वाढवता आल्या, तर त्यांच्यावर औषधं करून बघता येतील, हा डॉक्टरांच्या तरुणपणचा ध्यास. बुहैरा प्रांतातल्या पहिल्या तीन रोग्यांच्या पेशी त्यांनी आणल्या, आणि त्या तिन्ही बाटल्यांत चहा निवायच्या आत मेल्या. चौथा रोगी म्हणजे मितवल्ली नावाचा भरघोस मिशांचा शेतकरी. त्याच्या पेशी जगल्या. रुसत, अडत, महिनोन् महिने काहीच न करता, पण जगल्या. डॉक्टरांनी त्यांचं नाव ठेवलं 'बुहैरा-चार' आणि त्यांच्यावर एक निबंध लिहिला. तो एकच निबंध, पण त्याने डॉक्टर मोठे झाले. असवानपासून अम्मानपर्यंत जो कुणी या कर्करोगावर काम करायचा, तो अलेक्झांड्रियाला चिठ्ठी पाठवायचा: डॉक्टर, थोड्या पेशी द्याल?

आणि डॉक्टर द्यायचे. ईदला त्यांची बायको इजलाल बिस्किटांची ताटं भरून शेजारीपाजारी पाठवायची, तशाच उत्साहाने हे बाटल्या भरून पाठवायचे. पैसे नाहीत, अट नाही, 'निबंधात माझं नाव घाला' हा हट्ट नाही. बरं, देताना मागची शिळी बाटली द्यायची नाही. पाहुण्याला पहिल्या हाताचं द्यायचं. म्हणून सुरुवातीच्या काळात गोठवून ठेवलेल्या, अस्सल पेशींच्या नळ्या सगळ्यांत आधी वाटून संपल्या.

आता शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नाही हे तिथल्या कुठल्याही घरातल्या पोरीला कळतं. प्रयोगशाळा झाली म्हणून काय माणुसकी सुटते? डॉक्टरांची बाटली परत यायची ती भरलेली. कुणी आपल्याकडच्या यकृताच्या पेशी घालून पाठवी, कुणी फुप्फुसाच्या, कुणी परदेशातून आणलेलं काहीतरी अगम्य. आलेल्याला नाही म्हणायचं नाही, टाकून तर मुळीच द्यायचं नाही. डॉक्टर सगळ्यांना त्याच कपाटात जागा करून देत, त्याच बाटलीतलं खाऊ घालत, त्याच टेबलावर एकामागून एक बाटल्या उघडत. रबाबने पहिल्याच वर्षी भीत भीत विचारलं होतं, "डॉक्टर, प्रत्येकाचं खाणं वेगळं ठेवलं तर?"

"एका घरात दोन चुली?" डॉक्टर दुखावून म्हणाले. "पोरी, भांडणं लावतेस?"

रबाबनेही मग सगळ्यांना त्याच बाटलीतलं घातलं. त्या कपाटात लग्नघरासारखी गर्दी होती, आणि त्या गर्दीचं तिलाही कौतुकच होतं.

पुढे रबाब डॉक्टर झाली, विभागाची दोन नंबरची झाली, आणि शिष्यवृत्ती मिळून वर्षभर फ्रान्सला, लियोंला गेली. जाताना अर्थातच बुहैरा-चार घेऊन गेली. रिकाम्या हाताने कसं जायचं? तिथल्या शिस्तीप्रमाणे आलेल्या प्रत्येक पेशीची आधी ओळख पटवून घेत. आठवड्याने तिथल्या बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की या पेशी मूत्राशयाच्या नाहीत, पुरुषाच्याही नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांत तणासारखी माजणारी, एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आलेली जुनी जात आहे ती. एक थेंब जरी दुसऱ्या बाटलीत पडला, तरी थोड्याच दिवसांत मूळच्या पेशींना उपाशी मारून घर ताब्यात घेते.

कुठल्या तरी परतीच्या ताटातून ती आली होती. कधी, कुणाकडून, हे आता परमेश्वरालाच माहीत.

रबाब परतली तेव्हा डॉक्टर निवृत्तीला टेकले होते. सत्काराची तारीख ठरली होती, इजलालबाईंनी नवरोबाच्या मापाचा सूट शिवायला टाकला होता आणि शिंपी रोज फोन करून कापड वाढवून मागत होता. रबाबने चार दिवस सांगायचं टाळलं. पाचव्या दिवशी चहा घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली आणि सांगून टाकलं.

डॉक्टर आधी हसले. "बाई? मितवल्ली बाई? अगं, त्याच्या मिशीला मी स्वतः हात लावलाय!"

"मिशीचं काय डॉक्टर, पेशी त्याच्या नाहीत."

"लियोंवाल्यांनी बाटल्या बदलल्या असतील."

"इथून नेलेल्या आणखी दोन बाटल्या मी स्वतः तपासल्या."

डॉक्टरांनी चहात चौथ्यांदा साखर घातली आणि ढवळायचं विसरले. बाहेर ट्राम खडखडत गेली. मग ते म्हणाले, "किती जणांना दिल्या गं आपण?"

"सगळ्यांना, डॉक्टर."

"मितवल्लीच्या खऱ्या पेशी असलेली एक नळी तरी कुठे उरली असेल? एकच. ती मिळाली तर सगळ्यांना पुन्हा देता येईल. मोकळ्या मनाने सांगता येईल की बाबांनो, ते टाका, हे घ्या."

त्या दिवसापासून दोघं फोन घेऊन बसले. लोक रागावले असते तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. कुणी रागावलंच नाही.

"अहो, आमच्या तर केव्हाच मेल्या होत्या," असयूतचे प्राध्यापक म्हणाले. "तुमच्याकडूनच पुन्हा मागवल्या. पण डॉक्टर, हे आत्ता कशाला काढता? त्यांच्यावर तीन पोरींचे प्रबंध झालेत. दोघींची लग्नं जमलीत!"

"बाई तर बाई," अम्मानहून आवाज आला. "वाढते ना झकास? तब्येतीला जपा. आईची शपथ, तुमच्यासारखा माणूस नाही."

खार्तूमच्या मित्राने सगळं ऐकून घेतलं, हळहळला, आणि शेवटी म्हणाला, "ते असू दे. मला आणखी दोन बाटल्या पाठवशील?"

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि रबाबकडे पाहिलं. आपण ज्याला थांबवायला निघालो, त्याने आपल्याच गळ्यात हात टाकावेत तसं झालं होतं. तिने उगीच खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

आणि मग झगाझीगचे डॉक्टर नस्सीम गिर्गिस सापडले. डॉक्टरांचे कॉलेजातले मित्र. त्यांनी पहिल्या वर्षी नेलेली नळी गोठवणाऱ्या नायट्रोजनच्या टाकीत तशीच होती, झाकणावर डॉक्टरांच्या हातचं लेबल, एकदाही न उघडलेली. "ये, घेऊन जा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात ये. सावकाश ये. बायको बदकं पाळतेय, तीही तोवर तयार होतील."

तो महिना डॉक्टर वीस वर्षांनी लहान झाले. शिंप्याला त्यांनी सूट थोडा आत घ्यायला सांगितला. रबाबने नळी आणायला धुरकट नायट्रोजनचं छोटं भांडं तयार केलं, आणि मायक्रोबसमध्ये दोघं ते मांडीवर तान्ह्या बाळासारखं धरून बसले. शेजारच्या उतारूने विचारलं, "काय आहे यात?" डॉक्टर म्हणाले, "अजून काही नाही. येताना एक शेतकरी असेल."

झगाझीग ज्या शरकिया प्रांतात, तिथल्या माणसांनी एकदा अख्खी आगगाडी जेवायला उतरवली होती म्हणतात. नस्सीम त्यांतलेच. दारातच गळामिठी, कपाळाचे मुके, "वाळलास रे वगदी!" हे साफ खोटं. टेबलावर दोन बदकं, भात, भरलेली कबुतरं. पण डॉक्टरांचं लक्ष जेवणात नव्हतं, आणि असं रबाबने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"नळी?" शेवटी ते म्हणाले.

"नळी कसली?" नस्सीमचा चेहरा फुलला. "तुझा फोन आला त्याच दिवशी काढली. गोठलेलं कुणी देतं का रे पाहुण्याला? एवढा लांबून येणार, आणि हातात बर्फ देऊ? चांगल्या वाढवल्यात तुझ्यासाठी. ताज्या! चार बाटल्या भरल्या, बघ तरी."

रबाबच्या हातातलं भांडं धूर सोडत राहिलं.

नस्सीमने बाटल्या आणल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पहिली ठेवली. शेजारच्या कपाटात त्यांच्या इतर पेशी एकावर एक रचलेल्या होत्या. अलेक्झांड्रियाहून वेळोवेळी आलेल्या नव्या बुहैरा-चारही त्यांतच. डॉक्टर वाकले. मितवल्लीच्या पेशी कशा असत ते जगात आता त्यांनाच आठवत होतं: लांबट, आळशी, एकमेकींपासून फटकून बसणाऱ्या. काचेखाली होत्या त्या गोल, ठसठशीत, एकमेकींवर चढलेल्या. तळाला तिळाएवढी जागा मोकळी नव्हती.

डॉक्टर बराच वेळ वाकलेले राहिले. इतका वेळ, की नस्सीमने काळजीने विचारलं, "काय रे? ठीक आहेत ना?"

डॉक्टरांनी मान वर केली. "मस्त आहेत," ते म्हणाले. "देखण्या आहेत. फार केलंस रे नस्सीम."

"अरे, तुझ्याच तर आहेत!"

रबाब खरं सांगणार होती. तिचं तोंड उघडलंही होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तिने ते मिटून घेतलं. नळी गेली होती. आता सांगून फक्त बदकांची चव गेली असती. डॉक्टर पुन्हा टेबलाशी जाऊन बसले आणि नस्सीमच्या बायकोने वाढलेला प्रत्येक घास त्यांनी खाल्ला. दोनदा मागूनही घेतलं.

परतताना चारही बाटल्या त्यांनी मांडीवर घेतल्या. दमनहूर मागे पडलं. मग म्हणाले, "तपासून घेशील?"

"घेईन, डॉक्टर."

"उपयोग नाही म्हणा."

"नाही," रबाब म्हणाली.

तिने तपासल्या. बाईच निघाली.

सत्कार झाला. सूट सैल झाला. एकामागून एक वक्ते उठले आणि बुहैरा-चारने आपली आयुष्यं कशी घडवली ते सांगत राहिले. डॉक्टर पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी उत्तरादाखल खरं काय ते सांगितलं, पण ध्वनिक्षेपक खरखरत होता आणि लोक आधीच टाळ्या वाजवत होते. खाली उतरल्यावर मागच्या रांगेतल्या एका तरुण प्राध्यापिकेने त्यांचा हात हातात घेऊन पेशी मागितल्या.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रबाबला बरोबर बसवून आपला निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा नीट झालं. ज्या नियतकालिकात तो निबंध आला होता, ते दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं.